उन्हात वाळलेली नाव

१

मी जन्माची भित्री. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. चौथीचा वर्ग शिकवते म्हणून पोरांसमोर धीटपणाचं सोंग आणते, एवढंच. पण त्र्याहत्तर सालच्या चौदा एप्रिलला आमच्या अंगणात जे दिसलं, ते पाहून भल्याभल्यांची बोबडी वळली असती. तलाव आमच्या घरापासून चांगला दोन कोस लांब, आणि अंगणात एक माणूस बुडून मेला होता.

आमचं घर इंदोरा मोहल्ल्यात. माझे बाबा, देवाजी रामटेके, रेल्वेच्या वर्कशॉपात लाकडी डबे दुरुस्त करून रिटायर झालेले. हात रिकामे राहिले की त्यांना ताप यायचा. त्यामुळे लाकडाच्या टालाचे, म्हणजे वखारीचे, मालक भैय्याजी एक दिवस ट्रकवर जुनी मोटरबोट घेऊन आले, तेव्हा बाबांचा चेहरा लग्नघरासारखा झाला. बोट गोऱ्या साहेबांच्या काळातली, सागवानी, पंधरा फुटांची. तलावावरचा क्लब बंद पडला, तेव्हा भैय्याजींनी ती उचलली. एकेकाळी ते त्या क्लबाचे सेक्रेटरी होते.

दिवाळीपासून ती नाव आमच्या अंगणात ठोकळ्यांवर उभी होती. बाबा जुना रंग खरवडत, कुजक्या फळ्या बदलत. इंजिन पाहायला आनंदराव मेकॅनिक येत. क्लबात तेच ही बोट चालवायचे. मी त्यांना काका म्हणायचे.

त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. सारा मोहल्ला सकाळी मिरवणुकीत आणि दुपारी विहारात. मी आणि बाबा विहारातून घरी परतलो तेव्हा माझ्या घड्याळात पावणेपाच झाले होते. फाटक उघडं होतं. नावेखाली चिखल झाला होता आणि फळ्यांच्या सांध्यांतून पाणी टपटपत होतं.

"नावेत पाणी कोणं भरलं?" बाबा ओरडले.

मी स्टुलावर चढून आत पाहिलं. पाणी बाकाच्या खालच्या कडेला टेकलं होतं. आतल्या फळ्यांवर, बाकाच्या चार बोटं वर, लाकडाच्या भुश्याची ओली रेघ चिकटली होती. हे सगळं मी आधी पाहिलं. मग पांढरं धोतर दिसलं. भैय्याजी पालथे पडले होते, तोंड पाण्यात.

मी किंचाळले आणि स्टुलासकट खाली आले.

तासाभरानं पोलीस आले, तेव्हा नावेत घोट्याएवढंच पाणी उरलं होतं. दिवस मावळेतो तेही गेलं. शेजारच्या कांताबाईनं पदर तोंडाला लावला. "पाणी पिऊन राहिली वं ते नाव. आता मानूस पिला तिनं."

फौजदार गोपाळरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते बाबांकडे वळले. "देवाजी, साडेबारा वाजता तुम्ही मिरवणुकीतून निघून गेले. दोन वाजता विहारात आले. मधात कुठं होते?"

बाबा मला म्हणाले होते, पाणी प्यायला गेलो होतो. दीड तास? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

२

त्याच संध्याकाळी त्यांना नेलं.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात लाकडी वस्तूचा मार, त्यानं शुद्ध गेली, आणि मग पाण्यात गुदमरून मृत्यू. दुपारी कधीतरी. प्रेत पाण्यात असल्यामुळे नक्की वेळ सांगता येणार नाही. नावेच्या तळाशी बाबांचाच लाकडी हातोडा सापडला.

आनंदरावांनी जबानी दिली. एक वाजता ते आमच्या फाटकावरून जात होते. नाव पाण्यानं भरलेली होती, बाबा पाईप गुंडाळून ठेवत होते, आणि भैय्याजी त्यांच्याशी हातवारे करून भांडत होते. हे सांगताना काकांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा राग आला नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग कसा करायचा?

पाईप कांताबाईच्या विहिरीवरच्या पंपाचा होता. बाबा कधीमधी वापरायचे. शिवाय कांताबाईनं दोन दिवसांआधीचं भांडणही सांगून टाकलं. बाबा भैय्याजींवर ओरडले होते, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगतो! मग पाहा काय होते ते!"

"धमकीच झाली की," फौजदार म्हणाले. "परवा खुनाचा आरोप लागेल."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यावर डबा घेऊन गेले. गजाआड बाबा एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मी विचारलं, "बाबा, कुठी गेले होते तुम्ही?"

"मी शब्द देल्ला आहे, पोरी."

"कोणाले?"

"मेलेल्या मानसाले. आता तर मोडताच येत नाही."

मी घरी परतले, दार लावलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. बाबांना फाशी झाली तर मी काय करू, हा विचार येत होता. पण त्याहून भयंकर विचार दुसराच होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मला वाटत होतं, बाबांनी खरंच केलं असेल तर?

बाहेर अंगणात नाव कडकड वाजली. ऊन खाऊन लाकूड वाजतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात कोणीतरी कडी वाजवली.

३

दारात यमुताई उभी होती. डोक्यावर मासोळ्यांची टोपली, तोंडात तंबाखू. ही ढिवर मोहल्ल्यातली, साठीची बाई. बाबांनी रेल्वेचे डबे शेकडो केले होते, पण नाव कधी केली नव्हती. सांध्यात कापूस किती भरायचा, राळ कशी लावायची, हे सारं तिनंच त्यांना शिकवलं. बाबांना फट दिसली की चैन पडायचं नाही. यमुताई हातावर चापट मारायची. "फट राहू दे, भाऊ! पाण्यात लाकूड फुगते. जागा नाही ठेवली त फळी फळीले ढकलते, अन् नाव फाटते."

तिचा नवरा चौदा वर्षांआधी तलावात मेला. एकोणसाठ सालची गोष्ट. त्याचा मासेमारीचा डोंगा फुटलेला सापडला, आणि लोक म्हणाले, दारूच्या नशेत दगडावर घातला. तिनं त्याचं नाव कधी घेतलं नाही. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ते वेगळं. ही त्याला "तो बेवडा" म्हणायची, आणि म्हणताना थुंकायची.

"रडून राहिली का वं?" तिनं टोपली उतरवली. "रडनं मंग कर. आंधी सांग, तुनं काय पाह्यलं? भैय्याजीचं नको सांगू. पाण्याचं सांग."

मी बाकाच्या खालच्या कडेचं सांगितलं, भुश्याच्या रेघेचं सांगितलं. पोलीस आले तेव्हा घोट्याएवढं होतं, तेही सांगितलं. ती स्टुलावर चढली, आत वाकली, आणि वाळलेल्या भुश्यावरून बोट फिरवलं. तंबाखू चघळणं थांबलं होतं.

"सकाळी नाव कोरडी होती?"

"ठणठणीत. बाबा वीस तारखेपासून भिजवणार होते."

"चाल माह्यासंगं."

आधी ती कांताबाईकडे गेली. कांताबाई आणि तिच्या घरचे सगळे दोनपासून विहारातच होते, पंपाकडे लक्ष द्यायला कोणी नव्हतं. मग आम्ही धंतोलीत भैय्याजींच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शोभाताईंना आमचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, तरी एवढं बोलल्या: "त्या बोटीवर माझा राग होता. घरी आणली तेव्हापासून यांची झोप उडाली होती. जयंतीच्या दिवशी जेवले आणि म्हणाले, आज मोकळा होतो. साडेतीन वाजता रिक्षात बसले."

"साडेतीन वाजता?" मी ओरडलेच. "मग एक वाजता आमच्या अंगणात कसे?"

शोभाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हेच मी फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही दुःखात आहात, दुपारी झोपल्या असाल, वेळेचा घोळ होतो. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

शेवटी आनंदरावांचं गॅरेज. काकांनी आम्हाला बसायला तेलाचे रिकामे डबे दिले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. यमुताईनं सहज विचारावं तसं विचारलं, "एक वाजता पानी कुठवर होतं गा?"

"बाक बुडाले होते. वर चार बोटं पाणी."

"अन् गळत नव्हतं?"

काका हसले. "बोटच ते, यमुताई. वीस वर्सं चालवली मी. एक थेंब आत येत नव्हता. मंग भाईर काहून जाईन?"

यमुताई हसली नाही. रस्त्यावर आल्यावर तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"उद्या दुपारी नाव भरायची. फौजदाराले चार वाजता बोलाव. अन् कोणाले सांगू नको, तुह्या सावलीलेही नाही."

"का, यमुताई?"

"ज्यानं भैय्याजीले मारलं त्याले ठाऊक नाही का त्याचं कोठी चुकलं. ठाऊक झालं त तो आंधी तुह्याच घरी येईन."

४

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला पंप सुरू झाला. यमुताई कांताबाईच्या विहिरीवर, मी नावेजवळ. पाईपातून पाण्याचा लोट आत पडत होता, आणि सांध्यासांध्यातून बाहेर झिरपत होता. पायाखाली चिखल व्हायला लागला. ज्या पाण्यात भैय्याजी मेले तसंच पाणी पुन्हा चढताना मी पाहत होते.

भुश्याच्या रेघेपर्यंत पाणी आलं. मी हात केला. पंप बंद झाला. एकदम शांतता.

"काय करून राहिली, पुष्पा?"

मागे आनंदरावकाका उभे होते. "माहे नट-बोल्टाचे पाने राहिले इथं. घ्यायले आलो."

यमुताई अजून भिंतीपलीकडे होती. मी काहीतरी पुटपुटले. काका नावेजवळ आले, आत पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण एप्रिलात कोणाच्या नसतो?

"बरं झालं आलास गा," यमुताई पदराला हात पुसत फाटकातून आली. "आम्हा बायाईजवळ धड घड्याळ नाही. तुह्या घड्याळात किती झाले?"

"तीन पस्तीस."

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. ते मी पदराखाली लपवलं. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

"पानी बाकाच्या खालच्या कडेले आलं का सांगजो."

काका उभे राहिले. जाता येईना, थांबता येईना, असा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाणी उतरत होतं. आधी डोळ्यांना कळलं नाही. मग बाकाची वरची कड उघडी पडली. मग बाक. काकांची नजर कधी पाण्यावर, कधी घड्याळावर. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पाणी खालच्या कडेला टेकलं.

"किती?" यमुताई.

काकांनी घड्याळाचा हात पाठीमागे नेला. मी माझं घड्याळ बाहेर काढलं. "तीन पंचावन्न. वीस मिनिटं."

आणि त्या क्षणी माझं लक्ष नावेच्या पुढच्या टोकाकडे गेलं. तिथं, बाहेरच्या अंगाला, पाणी एका रेषेत झिरपत होतं. वरून खाली, मग आडवं, मग पुन्हा वर. कोरड्या लाकडावर ओला चौकोन उमटला होता, वीतभर रुंद. जुन्या रंगाखाली बसवलेलं ठिगळ.

यमुताईनं तो चौकोन पाहिला. पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला. मग मान न वळवता म्हणाली, "आनंदराव, ही नाव कशाले धडकली होती गा?"

काकांनी बाबांच्या बाकड्यावरची धारदार पटाशी उचलली.

काका तिच्या पाठीकडे एक पाऊल सरकले. ती तशीच उभी, हात ठिगळावर. आणि पालीला भिणाऱ्या मी पाण्याचा पाईप उचलून त्यांच्या पायांत फेकला. ते चिखलात अडखळले, गुडघ्यावर आले.

"तसेच बसा," फाटकातून आवाज आला. फौजदार गोपाळराव शिपायासह उभे होते. चार वाजले होते.

५

"साहेब," यमुताई म्हणाली, "मी शिकलेली नाही. पन पानी मले वाचता येते."

ती बोलली ते असं. नाव पाच-सहा महिने उन्हात वाळलेली. अशी नाव भरली की चाळणीसारखी गळते. लाकूड फुगून सांधे मिटायला चार-आठ दिवस लागतात. भुश्याची रेघ सांगते पाणी कुठवर भरलं होतं. तिथपासून बाकाच्या खालच्या कडेपर्यंत उतरायला आज वीस मिनिटं लागली. पावणेपाचला पुष्पानं पाणी त्या कडेला पाहिलं. म्हणजे पंप बंद झाला तो चार पंचवीसच्या आसपास.

"परवा एकदा भिजलेली आहे ती," फौजदारांनी शंका काढली. "लाकूड थोडं फुगलं असेल. आज वेगळी गळेल."

"आज कमीच गळन. मंग त्या दिवशी वीस मिनिटंही लागले नसन. वेळ अजून पुढं जाते, मागं नाही."

फौजदारांनी वहीत वेळ लिहिली.

"एक वाजता भरली असती त तीन वाजता कोरडी झाली असती. अन् हा म्हनते, एक वाजता नाव भरलेली, देवाजी भाऊ पाईप गुंडाळून राहिले होते. म्हंजे मंग पुन्हा भरलीही नाही. जे झालंच नाही ते यानं पाह्यलं कसं? चार वाजता देवाजी भाऊ विहारात वंदना सांगत होते, दोनशे मानसाईच्या समोर. भैय्याजीची बाई म्हनते ते साडेतीनले निघाले. तिचं खरं होतं."

"याला हे कळलं कसं नाही?" फौजदारांनी आनंदरावांकडे बोट केलं. "वीस वर्षं बोट चालवली यानं."

"पाण्यातली चालवली, साहेब. पाण्यातली नाव फुगलेली राहते. उन्हात वाळलेली नाव यानं जन्मात पाह्यली नव्हती."

आनंदराव चिखलात बसूनच बोलले. एकोणसाठ साली भैय्याजींना वेग पाहायचा होता. आनंदरावांनी इंजिन पूर्ण वेगात सोडलं. समोर डोंगा होता, तो दिसलाच नाही. धडक बसली, माणूस वर आलाच नाही. दोघांनी मिळून त्याला दारुडा ठरवलं, आणि रातोरात ठिगळ लावून रंग दिला. आता बाबांनी रंग खरवडल्यावर ते ठिगळ उघडं पडलं, आणि बाबांनी विचारल्यावर भैय्याजींनी त्यांना खरं सांगितलं. भैय्याजींनी ठरवलं, जयंतीच्या दिवशी नावेजवळच यमुताईला बोलावून सगळं सांगायचं, आणि आनंदरावांनाही तिथं बोलावलं. यांनी आधी हात जोडले, मग हातोडा उचलला, आणि बेशुद्ध भैय्याजींना नावेत लोटून पंप सुरू केला, म्हणजे ते बुडून मरतील. बाबा दुपारी मिरवणुकीतून गेलेले यांनी पाहिलं होतं. तेवढ्यावर बाकीचं रचलं.

बाबा संध्याकाळी सुटले. दारात आल्याबरोबर मी त्यांच्या पायांवर पडले, कारण मी त्यांच्यावर संशय घेतला होता, आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला उठवलं. "मीही भेलो होतो, पोरी," एवढंच म्हणाले.

मग ते यमुताईकडे वळले. ती अजून नावेजवळच होती.

"ताई, त्या दिवशी मी तुमच्याच दारात बसलो होतो. जाऊन-येऊन दीड तास. कुलूप होतं. भैय्याजीले शब्द देल्ला होता का मी सांगनार नाही, तेच सांगतीन. पन मले राहवलं नाही. तुम्ही भेटल्या असत्या त मी शब्द मोडला असता."

"बाजारात गेली होती मी," ती म्हणाली.

"या नावेचं काय करू? तुम्ही म्हनान त आताच फोडून चुलीत घालतो."

तिनं मान हलवली. "नावेचा काय गुन्हा? भिजव तिले. आठ दिवस पानी पाज, मंग तलावात टाक. ठिगळ तेवढं काढ, नवी फळी बसव. ते ठिगळ मले दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ते ठिगळ काढलं. मी यमुताईला बोलावलं. बाबांनी ते तिच्या हातात ठेवलं आणि आत निघून गेले. मी आडून पाहत होते. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

ती ओट्यावर बसली. ठिगळ मांडीवर घेतलं, पदरानं पुसलं. तंबाखूची चिमूट काढली आणि तशीच परत ठेवली. चौदा वर्षं जे नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, ते तिनं हळूच घेतलं.

"धोंडबा," ती म्हणाली, "तू पेला नव्हता गा त्या दिवशी. मले माफ कर."